चूक दाखवणारा श्रोता

साशंक : पोरी, तू दिलेलं ध्वनिमुद्रण मी शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये उठलो नाही, फोन घेतला नाही. आता माझं ऐक. माझा उभा जन्म नागपूरच्या लकडगंजात, लाकडाच्या टालीत गेला. आरामशीनचा आवाज कानात इतका मुरलाय, की सुटीच्या दिवशी मशीन बंद असली की चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. त्या आवाजातून सुटका हवी म्हणून तर मी संध्याकाळी टाल बंद करून सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृहात गाणं ऐकायला जात आलो. आणि तू तोच आवाज टिपून, ताणून, कापून मला परत ऐकवतेस आणि म्हणतेस, हे संगीत. मला राग आलेला नाही. पण हे संगीत कशावरून, ते समजावून सांग. स्वर नाही, ताल नाही, बंदिश नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, यात चूक नाही. यमन गाताना कोणी शुद्ध मध्यम लावला तर मागच्या रांगेतला माणूससुद्धा चुळबुळ करतो. तुझ्या त्या अकरा मिनिटांत तू कुठेही काहीही बदललं असतंस तरी मला पत्ता लागला नसता. जिच्यात चुकताच येत नाही ती विद्या कसली?

उत्साही : चुकीचा मुद्दा खरा आहे, काका. तो मी टाळणार नाही, पण त्याआधी आवाजाचं बोलू द्या. आलापल्लीचा सागाचा ओंडका टालीत उतरला की तुम्ही काय करता? त्याच्या तोंडावर हातोडी ठोकता आणि कान देता. ठणठणीत वाजला तर निरोगी, बद्द वाजला तर आतून पोकळ. तुमच्या आरामशीनचे मिस्त्री पाठमोरे उभे असले तरी पात्याची धार गेल्याचं त्यांना आवाजावरून कळतं. आरा लाकडात शिरतो तेव्हा त्याचा सूर खाली उतरतो, गाठ लागली की तो किंचाळतो, गाठ ओलांडली की पुन्हा सुटतो. हे सगळं तुम्हाला ऐकू येतं, मला येत नव्हतं. मी काय केलं, तर बझरमध्ये असते ती पिझोची पितळी चकती ओंडक्याच्या मागच्या तोंडाला चिकटवली, रेकॉर्डर ट्रॉलीलाच बांधला आणि पुढून चिरा चालू असताना लाकडाच्या आतून आवाज घेतला. सागाच्या रेषांच्या दिशेनं आवाज हवेतल्यापेक्षा दहापटीहून जास्त वेगानं जातो. बाहेरची मोटरची घरघर, ट्रकचे हॉर्न, रस्त्यावरची माणसं त्यातून गळून पडतात. उरतो तो त्या एका ओंडक्याचा घुमारा, आणि चिरा पुढे सरकतो तसा तो घुमारा बदलत जातो. माझी रचना त्या बदलावर उभी आहे. तो बदल मला कोणत्याही वाद्यावर काढता आला नसता.

साशंक : ओंडक्याला ठोकून मी ऐकतो, ते लाकूड कळावं म्हणून. कळलं की ऐकणं संपलं. मग मी भाव करतो. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतो, त्याला तू श्रोता म्हणशील का? गाण्यात उलटं असतं. मालकंस आहे हे पहिल्या दोन स्वरांत कळतं आणि ऐकणं तिथून सुरू होतं. कळून झाल्यावरही जे ऐकावंसं वाटतं ते संगीत, असं मी मानतो. तुझ्या आऱ्याच्या आवाजात कळून झाल्यावर काय उरतं? आणखी एक. तू तुझ्या रचनेला नाव दिलंयस ‘लकडगंज’. नाव वाचलं की ऐकणारा म्हणतो, वा, आरामशीन! हे नाव काढून टाकून कोणाला ऐकवलंस का? आवाजातच दम असेल तर तो कुठून आला हे सांगायची गरज पडू नये. आणि सांगावंच लागत असेल तर लोक ऐकून राहिले ते तुझं संगीत नाही, तुझी हकीकत आहे.

उत्साही : हा घाव बरोबर बसला. या वादाचा जन्मच मुळी तिथे झालाय. १९४८ साली पॅरिसमध्ये पियेर शेफर नावाच्या रेडिओ इंजिनिअरनं रेल्वेच्या इंजिनांचे आवाज टिपले, तबकड्यांवर त्यांची जुळणी केली आणि ते रेडिओवरून ऐकवलं. त्याचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं. आवाज कुठून आला ते विसरा, इंजिन डोळ्यांपुढे आणू नका, आवाजाचा पोत, चढ-उतार, वजन एवढंच ऐका. पण त्या रचनेचं नाव त्यानंही रेल्वेवरच ठेवलं. ती गाठ त्यालाही सुटली नव्हती. आणि तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच देते. हाच शेफर म्हातारपणी, १९८६ च्या एका मुलाखतीत म्हणाला, की सारेगमच्या बाहेर संगीत करता येत नाही, या निष्कर्षाला यायला आपल्याला चाळीस वर्षं लागली. ज्यानं दार उघडलं त्यानंच पुढे ते लावून घ्या म्हटलं. ते वाचलं तेव्हा माझं काम बरेच दिवस थांबलं होतं.

साशंक : मग पुन्हा सुरू का केलंस?

उत्साही : कारण त्यानं लावलेल्या दारातून तोवर पुष्कळ माणसं आत गेली होती, आणि त्यातली काही आपली होती. हे परदेशी खूळ आहे असं तुम्ही अजून म्हणाला नाहीत, पण म्हणाल, म्हणून आधीच सांगते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकेतून डेव्हिड ट्यूडर आले, मूग सिंथेसायझर आला, टेपयंत्रं आली. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे १९७२ पर्यंत रचना केल्या. यांतल्या गीता साराभाई पखवाज शिकलेल्या. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या तेव्हा जॉन केज यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या आणि मोबदल्यात त्यांना आपलं संगीत शिकवलं. संगीत मन शांत करण्यासाठी असतं, हे गीताबाईंच्या गुरूंचं मत केजनी गीताबाईंच्याच तोंडून ऐकलं आणि जन्मभर धरून ठेवलं. आणखी मागे जायचं तर सांगलीला चला. कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून श्रुती मोजल्या आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. पुढे त्या मोजमापावर श्रुतींची पेटीही तयार झाली. गाणं ऐकणारा माणूस मोजपट्टी घेऊन आवाजाच्या आत शिरतो, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

साशंक : देवलांचं नाव तू माझ्या बाजूनं घेतलंस, हे तुझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्या मोजपट्टीचा मालक कोण होता? खाँसाहेबांचा गळा. पेटी गळ्याशी जुळली नाही तर पेटी चूक, गळा बरोबर. तिथे निवाडा करायला कोणीतरी होतं. अहमदाबादचं तूच सांगितलंस, १९७२ ला संपलं. त्या टेपांचं पुढे काय झालं?

उत्साही : संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. लंडनचे पॉल पर्गस यांना त्या पुष्कळ वर्षांनी तिथे सापडल्या, आणि २०२३ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली.

साशंक : म्हणजे पन्नास वर्षं कोणाला त्यांची आठवण झाली नाही. मी हे हिणवायला म्हणत नाही, मला त्याचं वाईटच वाटतं. पण विचार कर, तिथे पैसा होता, यंत्र होतं, शिकलेली माणसं होती. नव्हता तो ऐकणारा. कुमार गंधर्वांवर काय कमी टीका झाली? ख्याल मोडला म्हणाले, घराणं सोडलं म्हणाले. पण टीका करणारे समोर बसून ऐकत होते. भांडायला माणूस होता, म्हणून ते गाणं टिकलं. तुमच्याशी कोणी भांडतच नाही.

उत्साही : हार्मोनियमशी भांडले की. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती. परकं वाद्य, मींड येत नाही, स्वर ठोकळे, सगळे आरोप खरे होते. त्याच काळात आपल्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकायला लोक बसत होते. आणि आज तुम्ही सकाळी रियाजाला जो तानपुरा लावता तो काय आहे? खटका दाबला की वाजणारा डबा. बंगळुरूमध्ये १९७९ च्या सुमारास तो निघाला तेव्हा मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना काय वाटलं असेल? पण यंत्राचा वाद मला लांबवायचा नाही. यंत्रावर तुमचा आक्षेप नाहीच, हे मला कळलंय. तुमचा आक्षेप ऐकणाऱ्याबद्दल आहे. म्हणून चरणजित सिंगांचं सांगते. मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं जोडली, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. ललत, भूपाळी, तोडी, मालकंस, सगळे. त्यातलं ते ३०३ यंत्र गिटारवाल्याला साथीला खर्ज मिळावा म्हणून बनवलं होतं. ते खपलं नाही आणि कंपनीनं बंद केलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. सिंगांच्या कानाला त्यात मींड सापडली. ते यंत्र बनवणाऱ्या जपानी माणसांना ती दिसलेली नव्हती. ती तबकडीही खपली नाही. पुढे १९८७ च्या सुमारास शिकागोच्या पोरांनी तेच टाकलेलं यंत्र स्वस्तात घेऊन नवं नृत्यसंगीत उभं केलं. २०१० मध्ये सिंगांची तबकडी हॉलंडमधून पुन्हा निघाली तेव्हा जग थक्क झालं, हे तर आमच्या आधीचं आहे म्हणून. सिंग म्हातारपणी परदेशात जाऊन कार्यक्रम करून आले. २०१५ मध्ये गेले. ऐकणारा उशिरा येतो, काका, पण येतो.

साशंक : येतो खरा, पण कोणता येतो ते पाहा. त्या लोकांना ललत ऐकू आला का? दोन मध्यम जवळजवळ ठेवून सिंगांनी पहाटेची ती हुरहूर त्या यंत्रातून काढली की नाही, हे त्यांच्यापैकी कितींनी तपासलं? त्यांना त्यात स्वतःचं शिकागो दिसलं. आपल्यासारखं वाटलं म्हणून वाखाणलं. सिंग रागाशी कुठे खरे राहिले आणि ठेक्याच्या आग्रहापोटी कुठे घसरले, हे सांगू शकणारे कान इथे होते. इथल्या कानांनी ऐकलं नाही, तिथल्यांनी अर्धंच ऐकलं. त्या माणसाला जगभर कीर्ती मिळाली, पण दाद मिळाली का, मला शंका आहे. दाद म्हणजे नेमक्या जागेला मिळालेली पावती. माझ्या मनातलं आता उघडच बोलतो. तुम्ही स्वतःला स्वतंत्र संगीतकार म्हणता. कंपनी नको, सरकार नको, चित्रपट नको. ठीक. पण नागपुरात तसे स्वतंत्र वाजवणारे आधीपासून आहेत, धुमालवाले. गाडीवर भोंगे, कॅसिओ, पॅड, सोबत पायी चालणारे ढोलवाले. तुझ्या भाषेत तेही इलेक्ट्रॉनिकच की. मला तो गोंगाट सोसत नाही. दिवसा व्यापारी भागात पासष्ट डेसिबलची मर्यादा आहे आणि मिरवणूक ती कुठल्या कुठे सोडून देते. पण एक मानावं लागतं. त्यांच्यापुढे नाचणारा घोळका असतो. ठेका ढिला पडला की पाय थांबतात. पाय थांबले की पॅडवाल्याला त्याच क्षणी कळतं आणि तो बदल करतो. तिथे चूक कळते. बैठकीत कळते, मिरवणुकीत कळते. तुमच्या कार्यक्रमात शेवटी सगळे सारख्याच टाळ्या वाजवतात.

उत्साही : हो, वाजवतात. आमचा सगळ्यात मोठा रोग तोच आहे. चांगलं झालं तरी तेवढ्याच टाळ्या, फसलं तरी तेवढ्याच. ‘इंटरेस्टिंग होतं’ म्हणतात आणि निघून जातात. ऐकणाऱ्यांतले निम्मे स्वतः असंच काहीतरी करणारे असतात. आज मी याला वाईट म्हणाले तर उद्या तो मला म्हणेल, ही भीती सगळ्यांना. धुमालच्या बाबतीत मात्र मला तुमच्याहून पुढे जायचंय. मी ते गोंगाट म्हणून सोसत नाही, मी त्यातून शिकते. सस्त्या कीबोर्डातून शहनाईची ती कळ कशी काढावी, भोंगा फाटायच्या बेताला आणून तिथेच कसा धरावा, हे त्या पोरांना कोणत्याही विद्यालयानं शिकवलेलं नाही. मी संगणकावर जो फाटका आवाज तासन्‌तास बसून घडवते तो त्यांच्याकडे रस्त्यावर तयार असतो. त्यांच्या कानांचा हेवा वाटतो मला. पण पाय थांबले की बदल करायचा, ही शिस्त मी घेतली तर मी फक्त पाय हलवणारंच करीन. ऐकणारा अस्वस्थ होऊन बसला, त्याला पुढचं कळेना, तरी तो उठला नाही, असंही एक ऐकणं असतं. तुम्ही तसंच ऐकलंत. म्हणून तुम्हालाच सांगते, माझ्या रचनेत चूक आहे. मला माहीत आहे ती कुठे आहे.

साशंक : कुठे?

उत्साही : सातव्या मिनिटाला. तोवर ओंडक्याचा घुमारा एकटाच आहे. मला भीती वाटली की ऐकणारा आता सुटेल, म्हणून मी खाली षड्जाचा एक सलग सूर भरला, तानपुऱ्यासारखा. ओंडक्याचा घुमारा त्या षड्जाला थोडा उतरलेला लागत होता. मग मी संगणकात ओंडका चढवून जुळवून घेतला. लाकडाच्या आतला सूर जसा आहे तसा ऐकवायचा, हा नियम मी पहिल्या मिनिटाला घालून दिला होता, आणि सातव्या मिनिटाला मीच मोडला. अशा संगीतात चूक असते ती अशी. नियम बाहेरून येत नाही, रचना स्वतः घालून देते. पण एकदा घातला की तो यमनाइतकाच कडक असतो.

साशंक : सातव्या मिनिटाला? मला वाटलंच होतं काहीतरी झालं. पोरी, अख्ख्या रचनेत मला बसायला जागा मिळाली ती तिथे. तोवर मी उभा होतो. षड्ज आला आणि मी बसलो. तो आरा, ती गाठ, ते किंचाळणं, सगळं त्या षड्जाच्या आधारानं पहिल्यांदा मला संगीत म्हणून ऐकू आलं. आणि तू म्हणतेस तीच चूक! मग आता आपल्या दोघांत निवाडा कोण करणार? तुझा नियम तुझ्याजवळ आहे, तो मला दिसला नाही. माझा नियम शेकडो वर्षांचा आहे, तो तू मानत नाहीस.

उत्साही : मानते. मानते म्हणून तर भीतीच्या क्षणी हात तिथेच गेला. त्या षड्जानं तुम्हाला बसायला जागा दिली, हे मला नाकारता येत नाही. पण त्यानं ओंडक्याला गप्प केलं, हेही खरं आहे. षड्ज आल्यावर तुम्ही ओंडका ऐकलात, की षड्जाला किती लागतो, किती सुटतो, ते ऐकलंत?

साशंक : दुसरं. दुसरंच ऐकलं, खोटं कशाला बोलू. पण आता तू चूक दाखवलीस तर मीही एक दाखवतो. चौथ्या मिनिटाला गाठ लागते, आरा वर चढतो, थरथरतो, सुटतो. नवव्या मिनिटाला पुन्हा तेच. तीच गाठ आहे ती. तू तो तुकडा उचलून परत लावलायस. एका लाकडात एक गाठ दोनदा येत नाही. दुसरी आली असती तर वेगळी वाजली असती. तिथे माझ्या मनात आलं, ही पोर फसवून राहिली.

उत्साही : काका, ते आजवर कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मुखड्यासारखा परत घेतला मी तो, ऐकणाऱ्याला ओळखीचं काही भेटावं म्हणून.

साशंक : मुखडा परत येतो तो समेवर येतो. त्याची वाट पाहिलेली असते. तुझ्या गाठीची मी वाट पाहत नव्हतो. ती अशीच आली.

उत्साही : पण तुम्ही तर म्हणाला होतात, मी कुठेही काहीही बदललं असतं तरी तुम्हाला पत्ता लागला नसता. आता तुम्ही नेमकं मिनिट सांगितलंत, आणि का चुकलं तेही सांगितलंत.

साशंक : सांगितलं, कारण मला लाकूड माहीत आहे. संगीत म्हणून ती चूक दिसली, की टालीवाला म्हणून, याची मला अजून खात्री नाही. ज्यानं आरा जन्मात पाहिला नाही, त्याला ती दिसेल का? न दिसली तर तुझा शेफर म्हणतो तसं उगम विसरून ऐकणं फोल ठरतं. उगम माहीत असलेल्यालाच तुझी चूक कळणार आणि बाकीचे टाळ्या वाजवणार. यमनाला तसं होत नाही. त्याचा कान चार महिने ऐकून कोणालाही येतो. म्हणून मी एक कसोटी सांगतो. ही रचना आधी मिस्त्रीला ऐकव. मग ज्याला लाकडातलं काही कळत नाही पण गाणं कळतं अशा कोणाला, नाव न सांगता. मग ज्याला दोन्ही कळत नाही त्याला. तिघांनी बोट एकाच जागी ठेवलं, तर यात विद्या आहे हे मी चारचौघांत कबूल करीन.

उत्साही : तिघांनाही ऐकवते. नाव काढून ऐकवते. नवव्या मिनिटाची गाठ आजच काढून टाकते, ती तुम्ही बरोबर पकडलीत. सातव्या मिनिटाच्या षड्जाचं मात्र मी तुमच्यावर सोडणार नाही आणि त्या तिघांवरही नाही. तो ठेवायचा की काढायचा, हे मी पुन्हा टालीत येऊन, दुसरा ओंडका चिरताना ऐकून ठरवीन. तुम्ही त्या दिवशी मशीनजवळ थांबा, एवढंच मागणं आहे.